तेल लावलेलं काडतूस

मी एक काडतूस बोलतोय. दचकू नका, खुर्चीही मागे सरकवू नका. माझ्यापासून तुम्हाला काही धोका नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणी चिमणीलासुद्धा इजा केलेली नाही. पन्नास मीटरवर लावलेल्या कागदाला भोक पाडायचं, एवढाच आमचा पिढीजात धंदा.

बोलायला सवड कशी मिळाली म्हणाल, तर प्रमुख पाहुणे अजून आलेले नाहीत. उदगीरला गुरुबसप्पांच्या डाळमिलच्या मागे रायफल क्लबची नवी रेंज झाली आहे, तिचं आज उद्घाटन. रिबीन बांधून झाली. हार बादलीत भिजत ठेवून झाले. ‘हॅलो, हॅलो’ करून माइकवाल्याचा घसा बसला. साहेब निघालेत, असे फोन सकाळपासून येतायत. कुठून निघालेत ते कुणी सांगत नाही. समोर चटईवर रायफल ठेवली आहे आणि तिच्या शेजारी सुपारीच्या डबीत मी. रिबीन कापली की पहिली गोळी झाडायची, ती माझी. म्हणजे साहेबांना जेवढा उशीर, तेवढं माझं आयुष्य जास्त. मंडपात सगळे घड्याळ बघून चिडलेत, खूश आहे तो मी एकटाच.

तर माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. पितळेचं अंग, पोटात चिमूटभर दारू, डोक्यावर शिशाचा दाणा आणि त्या दाण्यावर मेणाचा हलका हात. तो मेणाचा हात तेवढा लक्षात ठेवा. दिसत नाही, पण नळीतून सरळ जायचं तर तो लागतो.

आमच्यात घाण्याला फार महत्त्व. भज्यांचा पहिला घाणा आणि दुसरा घाणा एकाच कढईतून निघतो, एकाच पिठाचा असतो, तरी खाणाऱ्याला फरक कळतोच. आमचंही तसंच. एकाच कारखान्यातली, एकाच साच्यातली काडतुसं. पण आजच्या घाण्याचं उद्याच्या घाण्याशी पटेल याचा भरवसा नाही. फरक केसाएवढा. डोळ्यांना दिसत नाही आणि कागदावर लपत नाही.

उदगीरच्या क्लबात हिरव्या खोक्यांतून आम्ही दोन घाणे पोचलो. एक जुना, एक नवा. मी नव्यातला. आणखी एक लाल खोकं होतं. त्यातली मंडळी तांबूस कांतीची, आमच्यापेक्षा कितीतरी जोरात पळणारी, आणि त्याचा त्यांना फार तोरा होता. मे महिना होता. लोखंडी कपाटात आम्ही सगळे शेजारी शेजारी तापत पडलो आणि वाट बघू लागलो, की आपल्याला निवडतंय कोण.

निवडणारी होती जिक्रा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, बोलायला कमी आणि पालथं झोपून नेम धरायला वाघीण. तिचे अब्बा निजामोद्दीन चौबाऱ्याजवळ टेलरिंगचं दुकान चालवतात. नेमबाजीचं जाडजूड जॅकेट विकत घेणं परवडेना, तेव्हा त्यांनी ताडपत्रीचे थर एकावर एक शिवून घरीच तयार केलं. ते जॅकेट खुंटीला अडकवावं लागत नाही. कोपऱ्यात नुसतं उभं केलं तरी उभं राहतं. एकदा पोस्टमनने त्यालाच जिक्राबद्दल विचारलं होतं.

तिला शिकवणाऱ्या रेणुका मॅडम, कॉलेजात खेळाच्या शिक्षिका. आणि क्लबचे अध्यक्ष गुरुबसप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात. जन्म तुरीच्या पोत्यांत गेलेला माणूस. रायफल त्यांनी कधी हातात धरली नाही, पण जिक्रा झोपून नेम धरू लागली की अप्पाही श्वास रोखून उभे राहतात. तिच्यापेक्षा जास्त वेळ रोखतात. मॅडमना मग त्यांच्या पाठीवर थाप मारावी लागते.

जिक्राला काय पाहिजे होतं, तेही सांगतो. राज्याच्या ज्युनिअर संघात जागा. त्यासाठी आधी लातूरच्या विभागीय सामन्यात ठरलेले गुण पाडून राज्य स्पर्धेत पोचायला हवं होतं. मागच्या वर्षी ती दोन गुणांनी राहिली होती. घरी परत येऊन तिने जॅकेट कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभं केलं, असं अब्बा सांगतात. ज्युनिअर गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. या वेळी राहिलं म्हणजे राहिलंच.

आणि मला काय पाहिजे होतं? मला सामन्यात जायचं होतं. सरावाच्या कागदावर तर कुणीही जातं.

पन्नास मीटर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही. तेवढ्या अंतरावरून आपण समोरच्या टपरीवर दोन चहा सांगतो. पण पालथं झोपून, श्वास सांभाळून, तिथल्या शर्टाच्या बटणाएवढ्या, दहा गुणांच्या गोलात साठ वेळा भोक पाडायचं म्हटलं की ते अंतर उदगीर-लातूरपेक्षा लांब वाटू लागतं. शिवाय रायफलीची मर्जी. क्लबात तेव्हा एकच रायफल होती, वयस्कर, कडक सोवळ्याची. तिला कुठलं काडतूस पसंत पडेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. एकेकाला नेऊन तिच्यापुढे उभं करायचं आणि ती काय म्हणते ते कागदावर वाचायचं.

तसा कार्यक्रम एका रविवारी ठरला. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवली. प्रत्येक खोक्यातली दहा-दहा काडतुसं एकाच ठिकाणी नेम धरून झाडायची आणि भोकं किती जवळजवळ पडतात ते बघायचं. पिशव्या अब्बांनीच शिवलेल्या होत्या. पिशव्या द्यायला आले आणि गळ्यात टेप अडकवून तिथेच थांबले.

“मॅडम, ही लाल खोक्यातलीच घ्या री,” अप्पा म्हणाले. “लांबचा पल्ला हाय. जोर पायजे, जोर! ही हिरवी कशी मरगळल्यावानी दिसून राहिलीत.”

“अप्पा, जोर नको. सारखेपणा पाहिजे.”

“जोर आसंल तरच तिथवर पोचंल ना?”

“पोचतात सगळीच. पोचताना काय करतात ते बघायचंय.”

मरगळलेला! मी आतल्या आत पेटलो होतो, पण आमच्या पेटण्याचा बाहेर काही उपयोग नसतो, सुई आपटल्याशिवाय.

लाल खोक्यातली आधी गेली. फाट फाट आवाज करत, मोठ्या रुबाबात. कागद आणला तर भोकं चौफेर. मॅडमनी समजावलं, की ही मंडळी सुरुवातीला आवाजाच्याही पुढे पळतात, मग वाटेत दम जातो, आणि आवाज गाठतो तेव्हा नेमकी डगमगतात. निजामोद्दीनभाईंनी टेप लावला.

“मॅडम, ही तर बाही झाली. अख्खा हात जातंय यातून.”

मग आमचा नवा घाणा. मी स्वतः त्या दहांत नव्हतो, पण सख्खे भाऊ होते. मी मनातल्या मनात त्यांच्या पाठीशी उभा होतो. कागद आला. टेप लागला.

“हा खिसा,” निजामोद्दीनभाई म्हणाले. “बरा हाय. रुमाल मावंल, मोबाइल बी मावंल.”

शेवटी जुना घाणा. दहा गोळ्या झाल्या आणि मॅडमनी दुर्बिणीची काच पुसून परत बघितलं. कागद आणला तर दहा भोकांचं मिळून एकच वेडंवाकडं भोक दिसत होतं. निजामोद्दीनभाईंनी टेप काढलाच नाही. वरच्या खिशातून शर्टाचं एक सुटं बटण काढून त्या भोकावर ठेवलं. सगळं झाकलं गेलं.

“हे काज!” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की जणू ते त्यांनीच बेतलं होतं.

तेव्हापासून मला बटणांचा राग आहे. अजूनही मंडपात कुणाच्या शर्टावर नजर गेली की माझी दारू उसळते.

जिक्रा तेवढ्यात बोल्टवर, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून दार लावणाऱ्या दांड्यावर, बोट ठेवून म्हणाली, “पण मॅडम, ही जुनी घालताना बोल्ट जरा आडतो. शेवटी आंगठ्यानं दाबावं लागतंय. नवी कशी सुळकन बसतात.”

“अडू दे,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या रायफलीची नळी झिजलेली आहे. ही एक केसभर जाड आहेत म्हणून गच्च बसतात, आणि गच्च बसतात म्हणून सरळ जातात. सुळकन बसणारं सुळकन कुठंही जाईल.”

ते ‘कुठंही’ मला फार लागलं.

निकाल झाला. जुना घाणा सामन्यासाठी कपाटात वरच्या फळीवर, जपून. तो होताही थोडाच, सामन्यापुरता. आम्ही सरावाला. रोज माझे भाऊ एक-एक करून जाऊ लागले आणि रोज संध्याकाळी खिशाएवढ्या पसाऱ्याची भोकं पडलेले कागद गुंडाळून टोपलीत पडू लागले. लाल खोक्यातल्यांना तर सरावालाही कुणी विचारेना. त्यांचा तोरा उतरला आणि आमची गट्टी जमली. नापसंतांची लवकर जमते. जिक्रा मात्र रोज सुधारत होती, आणि आमच्याच जिवावर सुधारत होती, हे कुणी बोलून दाखवलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पा एकटेच क्लबात आले. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे असते. उद्या निघायचं, तर आपल्या हातानं सामान भरून ठेवावं, या भल्या विचाराने आले. कपाट उघडलं, वरच्या फळीवरचं अर्धं रिकामं खोकं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“एवढुसाच चांगला माल?” ते स्वतःशीच म्हणाले. “आन पोरगीनं यावर लढायचं?”

आता माणूस ज्या धंद्यात मुरतो, त्याच धंद्याने विचार करतो. तुरीच्या व्यापारात एका शेतकऱ्याचा दाणा टपोरा येतो, दुसऱ्याचा बारीक. शहाणा मिलवाला काय करतो? दोन्ही ढीग ओट्यावर ओतून फावड्याने वरखाली करतो. माल एकजीव झाला की कुठल्याही पोत्यातून मूठ काढा, नमुना तोच. यालाच अप्पा सारखेपणा म्हणतात. मॅडमनी सारखेपणा पाहिजे म्हटल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं.

त्यांनी मिलमधून घासून लख्ख केलेला स्टीलचा डबा मागवला. त्यात जुना घाणा ओतला. त्यावर आम्हाला ओतलं. वर लाल खोकंही उलटं केलं. मग हात घालून खालचं वर, वरचं खाली, असं मन लावून कालवलं. मूठभर काडतुसं तळहातावर घेऊन उजेडात बघितली, वास घेतला आणि समाधानाने मान डोलवली.

आत आमची काय अवस्था झाली असेल! मी एका जुन्या घाण्याच्या काडतुसाच्या थेट मांडीवर. काल ज्यांना वरच्या फळीवर मान वर करून बघत होतो, त्यांच्या पंगतीला मी! पत्रिका जुळली नाही म्हणून परत पाठवलेला मुलगा वऱ्हाडाच्या जीपमध्ये घुसावा आणि कुणी त्याला उतरवू नये, तसं मला झालं. उद्या सामना. मीही जाणार. मी आनंदाने खुळखुळलो.

अप्पांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी नेमकं मलाच उचललं. “पॉलिश न्हाई बगा याला,” म्हणत त्यांनी उपरण्याच्या टोकावर करडईच्या तेलाचा थेंब घेतला आणि मला असं चोळलं, असं चोळलं, की डोक्यावरचा मेणाचा हात साफ निघून गेला. डाळीला तेलाचा हात लावला की ती झळकते, आणि झळकली की खपते. माझ्यानंतर ते सगळ्यांनाच चोळणार होते. पण तुरीचा भाव विचारायला कुणाचा तरी फोन आला, ते बोलत बोलत डब्याचं झाकण लावून बाहेर गेले आणि बाकीचे वाचले. अख्ख्या डब्यात चकाकणारा मी एकटा. त्या दिवशी मला ते भाग्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे लातूरला पोचले. रेंजच्या व्हरांड्यात मॅडमनी पिशवी उघडली. हिरव्या खोक्याऐवजी हाताला स्टीलचा डबा लागला. डब्यात काय, फराळ असेल, म्हणून त्यांनी झाकण काढलं.

“अप्पा, हे काय?”

“माल एकजीव केलाय री!” अप्पांची छाती फुगली होती. “आता कुटलं बी उचला. सारखंच लागंल.”

मॅडम खाली बसल्या. ओट्यावर नाही, फरशीवरच. निजामोद्दीनभाईंनी गळ्यातला टेप काढून हातात गुंडाळला, परत सोडला. जिक्रा डब्याकडे बघत उभी राहिली.

“काय झालं?” अप्पांनी एकेकाकडे बघितलं. “काय झालं, सांगा की कुणी.”

मॅडमनी सांगितलं. हळू आवाजात, रागावल्याशिवाय, आणि म्हणूनच ते जास्त वाईट वाटलं. वरून दोन्ही घाणे अगदी एकसारखे दिसतात. कुठलं कुठल्या घाण्याचं, ते फक्त खोक्यावर लिहिलेलं असतं.

अप्पांचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. “तीस वरसं तूर विकली मी,” ते म्हणाले. “आजवर एकानं बी पोतं परत केलं न्हाई. आन माज्या लेकीचाच माल मी...” त्यांचे डोळे भरून आले. माझा वऱ्हाडातला आनंद कुठल्या कुठे गेला.

निजामोद्दीनभाईंनी दोन काडतुसं उचलून डोळ्यांजवळ धरली. “कापड आसतं तर उजेडात धरून सांगितलं आसतं,” ते म्हणाले. “हे काय कळंना मला.”

तेव्हा जिक्रा बोलली. “मॅडम, आपल्याला न्हाई कळणार. रायफलीला कळंल.”

“म्हणजे?”

“जुनं आसंल तर बोल्ट आडतो. नवं सुळकन जातंय. जे सुळकन गेलं ते काढायचं, दुसरं घालायचं. आडलं की झाडायचं.”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “प्रत्येक गोळीला? वेळ ठरलेला असतो, जिक्रा. शेजारचे साठ करून उठतील तेव्हा तू निम्म्यावर असशील.”

“मग हात जलद चालवते.”

दुसरा इलाज नव्हताच. तांबूस काडतुसं तेवढी रंगावरून ओळखू येत होती. अप्पा आणि निजामोद्दीनभाई व्हरांड्यात समोरासमोर मांडी घालून बसले आणि डाळीतले खडे निवडावेत तसे लाल निवडू लागले. दोघांच्याही चष्म्याचे नंबर जुने. तरी एकही सुटू दिला नाही.

सामना सुरू झाला. बाकीचे नेमबाज कसे, घातलं, झाडलं, घातलं, झाडलं. आमची जिक्रा घालायची, अंगठ्याने बोल्ट मिटायची, क्षणभर थांबायची, उघडायची, काढून ठेवायची, दुसरं घालायची. तिच्या डाव्या हाताला चटईवर माझ्या भावांचा ढीग वाढू लागला. एकेकजण नळीचं तोंड बघून परत येत होता. पंच दोनदा वाकून गेले.

“रायफल बिघडलीय का?”

“न्हाई सर. निवडून राहिले.”

पंचांनी आजवर असं उत्तर ऐकलं नसावं. ते डोकं खाजवत निघून गेले.

एक मात्र खरं. अडलेली सगळी काजात जात होती. मागे दुर्बिणीपाशी अप्पा होते आणि आता ते श्वास रोखतच नव्हते. बहुतेक घेतही नव्हते. वेळ संपत आला. शेजारच्या चटया रिकाम्या झाल्या. वारा सुटला, बावटे फडफडले. जिक्राचा खांदा वर वर चढत कानाला टेकायला आला. मान आखडली. शेवटची दोन भोकं काजातून निसटून नवात गेली. आता शेवटची एकच गोळी राहिली, आणि दहा पडला तरच जमणार होतं. नऊ पडला की मागच्या वर्षीसारखंच.

तिने कागदावरची नजर न काढता डब्यात हात घातला. तो हात मला लागला.

मी नळीत शिरलो. तो अंधार, ती थंडगार नळी, आणि लांब टोकाला चिमणीच्या डोळ्याएवढा उजेड. याचसाठी मी जन्मलो होतो. बोल्ट मिटला. सुळकन. नुसतं सुळकन नाही, तेल लावलेलं असल्यामुळे मी इतर भावांपेक्षाही गुळगुळीत सरकलो. तिचा अंगठा थांबला.

घड्याळात फार तर एक मिनिट उरलं असेल. ती दमली होती. पुढचं काढून अडेल याची खात्री नव्हती. तिला वाटलं असतं तर तिने मला झाडलं असतं, आणि कुणी तिला दोष दिला नसता. मी मनात म्हणत होतो, दाब. दाब ना. मी जाईन सरळ. शपथ घेतो. आणि शपथ घेता घेताच मला आमचे कागद आठवले. मी खिसा होतो. मला ते ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

तिने बोल्ट उघडला. मी तिच्या तळहातावर पडलो. मला बाजूला ठेवताना तिचा हात नाकाजवळून गेला आणि ती थबकली. तिने मला हुंगलं. करडईचं तेल! अशा वेळी, अशा जागी, फोडणीचा वास! तिला एका क्षणात सगळं कळलं असणार. अप्पांचं उपरणं, तेलाचा थेंब, ते मन लावून चोळणं. आणि ती हसली. पालथी पडलेली, ताडपत्रीच्या जॅकेटात जखडलेली मुलगी हसली तर कशी दिसेल? जॅकेट अख्खंच गदगदलं. कानाला टेकलेला खांदा हसण्याबरोबर खाली उतरला. मान सुटली. एक लांब श्वास बाहेर पडला.

तिने दुसरं काडतूस घातलं. अंगठा दाबला. अडलं.

ठप.

पुढचं मी चटईवरून बघितलं. कागद आला. मॅडमनी गुण मोजले, परत मोजले. पात्रता काठोकाठ झाली होती. एक गुणही जास्त नाही, एक गुणही कमी नाही. निजामोद्दीनभाईंनी वरच्या खिशातून बटण काढून शेवटच्या भोकावर ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. अप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होते. जिक्रा त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिने मला त्यांच्या हातावर ठेवलं.

“अप्पा, भजे करून राहिलाव का काय क्लबात?”

अप्पा रडता रडता हसले. मग हसता हसता परत रडले.

पुढे ती राज्य स्पर्धेला गेली. पदक मिळालं नाही, पण संघातली शेवटची जागा मिळाली, आणि शेवटची झाली तरी ती जागाच. गावाने कौतुक केलं. अप्पांनी मिलच्या मागची जमीन रेंजला दिली आणि कपाटावर लाल रंगात पाटी लावली, ‘माल मिसळू नये’. नवीन येणारे विचारतात, हे कशाबद्दल? तेव्हा अप्पांना नेमकं मिलमध्ये काम निघतं.

मला मॅडमनी सुपारीच्या डबीत घालून कपाटात वेगळं ठेवलं. नव्या मुलांना दाखवायला. “हे बघा,” त्या सांगतात, “काडतूस निवडताना चकाकी बघायची नाही. हे सगळ्यांत जास्त चकाकतं आणि हे सगळ्यांत वाईट जाईल.” मुलं मला या हातातून त्या हातात देतात, हुंगतात आणि हसतात. सगळ्यांत वाईट म्हणून का होईना, मी प्रसिद्ध झालो. पण कपाटाचं दार लागलं की अंधारात वाटायचं, की आपण काडतूस म्हणून जन्मलो आणि नमुना म्हणून राहिलो. उडायचं राहूनच गेलं.

आज सकाळी मात्र एक गोष्ट घडली. पहिल्या गोळीसाठी मॅडमनी नव्या, पारखून घेतलेल्या घाण्याचं खोकं काढलं. जिक्रा म्हणाली, “हे नको. ते तेलवालं कुठंय?”

“अगं, पाहुण्यांसमोर दहा नको का पडायला?” मॅडम म्हणाल्या.

निजामोद्दीनभाईंनीही मान हलवली. “बेटा, ते खिशातलं हाय. काजात जायचं न्हाई ते.”

“अब्बा,” जिक्रा म्हणाली, “शर्टाला खिसा पण लागतोच की.”

एवढं बोलून तिने डबी उघडली. आत मी डबीला थडकून खुळखुळलो.

आता हे बघा, गाड्यांचा आवाज आला. माइकवाला सावरून उभा राहिला. अप्पा हारांची बादली घेऊन पळतायत, पाणी सांडतंय. साहेब आले म्हणजे खरंच आले. रिबीन कापली. टाळ्या. जिक्रा जॅकेटात शिरून चटईवर पालथी झाली आहे.

मंडळी, माझी एकच विनंती. थोड्या वेळाने कागद येईल. त्यावर भोक कुठेही असो, सातात असो, आठात असो, कोपऱ्यात असो. कृपा करून बटण लावून बघू नका. आणि अप्पांना सांगा, तेल छान होतं.

तिने मला उचललं. तोच अंधार, तीच थंडगार नळी, टोकाला तोच उजेड. बोल्ट मिटतोय. सुळकन.

तिचा अंगठा थांबलाय. तिला कळलंय.

या वेळी ती बोल्ट उघडत नाही.